सावलीचे समन्यायी वाटप : नाशिक शहर आणि लोकसहभाग

गोदावरीच्या काठी पाच वटवृक्ष होते, त्यावरून पंचवटी हे नाव पडले, अशी परंपरा आहे. जवळच तपोवन आहे. झाडांवरून वस्तीला आणि वनावरून तीर्थाला नाव मिळावे, अशी उदाहरणे थोडी नाहीत. परंतु नाशिक शहरात ही नावे लाखो यात्रेकरूंच्या तोंडी असतात. त्याच नाशिकमध्ये वैशाखातील एखाद्या दुपारी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालत जाणाऱ्यास एक गोष्ट सहज जाणवते. काही रस्त्यांवर जुन्या झाडांची कमान असते व पादचाऱ्यास ऊन लागत नाही. काही वस्त्यांमध्ये मात्र अर्धा मैल चालूनही अंगावर पानाची सावली पडत नाही. दोन्ही ठिकाणी राहणारे नागरिक एकाच महानगरपालिकेचे आहेत. त्यांच्या वाट्यास आलेली सावली मात्र सारखी नाही.

शहरात झाडे किती आहेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ती कोठे आहेत आणि कोणाला उपयोगी पडतात, हा प्रश्न त्यामानाने क्वचितच विचारला जातो. अलीकडच्या काळात नगररचना व वनीकरण या दोन्ही शास्त्रांत या दुसऱ्या प्रश्नास महत्त्व आले असून त्यास वृक्षसमता असे म्हणता येईल. शहरातील प्रत्येक वस्तीला, विशेषतः ज्या वस्तीस उन्हाचा त्रास अधिक आणि त्यापासून बचावाची साधने कमी, त्या वस्तीला पुरेशी वृक्षछाया मिळावी, हा या कल्पनेचा गाभा होय.

सरासरीमागे दडलेले अंतर

सरासरीचा आकडा किती फसवा असू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या प्रभागात २०,००० लोक राहतात व तेथे १०,००० झाडे आहेत. म्हणजे दर दोन माणसांमागे एक झाड. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु त्यांपैकी ९,००० झाडे बंगल्यांच्या वसाहतीत असतील व तेथे १०,००० लोक राहत असतील, तर उरलेल्या १०,००० लोकांच्या वाट्यास केवळ १,००० झाडे येतात. एका बाजूस जवळजवळ माणशी एक झाड आणि दुसऱ्या बाजूस दहा माणसांत एक, असा हा हिशेब आहे. प्रभागाच्या अहवालात मात्र दोन्ही बाजूंची सरासरीच छापली जाते.

हे अंतर कोणी ठरवून निर्माण केलेले नसते. शहर वाढते त्या रीतीतून ते आपोआप तयार होते. नाशिक महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. नाशिक, नाशिक रोड–देवळाली व सातपूर येथील नगरपालिका आणि भोवतालची काही गावे तीत समाविष्ट झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १४,८६,०५३ इतकी होती. इतक्या लोकांचे हे शहर एका साच्याचे नाही. जुन्या नाशकात वाडे आणि अरुंद गल्ल्या आहेत. तेथे वाड्याच्या चौकातील एखादे झाड गेले की नवे लावण्यास जागा नसते. सिडकोने वसविलेल्या नवीन नाशकात घरांचे भूखंड लहान असून वाढीव बांधकामांमुळे पुढचे अंगण उरलेले नाही. सातपूर व अंबड येथील औद्योगिक क्षेत्रांच्या आधाराने कामगारांच्या वस्त्या वाढल्या. शहरात समाविष्ट झालेल्या गावांत पारावरचा वड किंवा पिंपळ अजून उभा दिसतो. पण त्याच्या भोवतीची शेते बिनशेती होऊन तेथे इमारती आल्या आहेत. झोपडपट्ट्यांमध्ये तर घराला घर लागलेले असते. ज्याच्याकडे मोकळी जागा, पाणी व जागेची निश्चिती अधिक, त्याच्याकडे झाड अधिक, असा हा सरळ संबंध आहे.

झाडाने उष्णता कशी कमी होते

झाड दोन प्रकारे उष्णता कमी करते. पहिला प्रकार सर्वांना ठाऊक आहे : पर्णसंभार सूर्याचे किरण अडवितो आणि खालची जमीन, भिंत व छप्पर तापू देत नाही. दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे बाष्परूपाने बाहेर पडते आणि त्या बाष्पीभवनास लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. ओल्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने झाडाखालील हवा गार राहते.

डांबर, सिमेंट आणि पत्रा यांचे वर्तन याच्या उलट असते. डांबर व सिमेंट दिवसभर उष्णता साठवितात व रात्री ती बाहेर टाकतात. त्यामुळे दाट बांधकामाच्या वस्तीत सूर्य मावळल्यानंतरही गारवा येत नाही. पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते. अशा घरात वाताकुलनाचे यंत्र नसते; पंखा गरम हवाच फिरवितो. घरात दुपारभर असतात ते वृद्ध, लहान मुले, आजारी माणसे व घरी बसून काम करणाऱ्या स्त्रिया. नाशिकची हवा थंड म्हणून प्रसिद्ध असली, तरी एप्रिल–मे महिन्यांत येथेही पारा ४० अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी दाराशी असलेले झाड म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, तर ती आरोग्याची एक प्राथमिक सोय ठरते.

इतर देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे तयार करून गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या कर्ज देण्यास अयोग्य म्हणून तांबड्या रंगाने दाखविल्या गेल्या होत्या. अशा १०८ शहरांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की त्या तांबड्या वस्त्या आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरीने सुमारे २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापतात. गुंतवणूक न झाल्याने तेथे बागा व रस्त्याकडेची झाडे आली नाहीत, आणि नव्वद वर्षांनंतरही त्याचा परिणाम टिकून राहिला. पुढे २०२१ साली तेथील ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ या जुन्या संस्थेने वस्तीनिहाय गुणांकनाची पद्धत सुरू केली. वृक्षछत्राबरोबर तेथील उत्पन्न, वय, आरोग्य व तापमान यांचा विचार करून प्रत्येक वस्तीस शंभरपैकी गुण दिले जातात. झाडांची गरज प्रथम कोठे आहे, हे त्यावरून ठरते.

याच सुमारास सेसिल कोनिनेंडिक या वनशास्त्रज्ञाने ३–३०–३०० हा सोपा दंडक सुचविला. प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीचा ३० टक्के भाग वृक्षछत्राखाली असावा आणि प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत उद्यान असावे, असा तो दंडक आहे. आपल्या दाट वस्तीच्या शहरांत तो तंतोतंत साधणे कठीण आहे. परंतु कोणत्या वस्तीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट साधत नाही, हे पाहण्यासाठी त्याचा निश्चित उपयोग होतो.

या संदर्भात डेट्रॉइट शहराचा अनुभव प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथे एका स्वयंसेवी संस्थेने २०११ ते २०१४ या काळात रहिवाशांच्या घरांसमोर विनामूल्य झाडे लावण्याची योजना राबविली. पात्र अशा ७,४०० हून अधिक रहिवाशांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी झाड नको म्हणून लेखी कळविले. त्यांना झाडांचे महत्त्व समजत नव्हते, असे मुळीच नाही. ख्रिस्टीन कारमायकेल या संशोधिकेने त्यांच्याशी बोलून कारणे शोधली. पूर्वी लावलेली झाडे शहराने सांभाळली नव्हती. वठलेल्या झाडांचा, पडलेल्या फांद्यांचा भार रहिवाशांवरच पडला होता. शिवाय कोणते झाड लावावयाचे, कोठे लावावयाचे, हे ठरविताना त्यांना कोणी विचारले नव्हते. योजना लोकांसाठी होती. पण लोकांना विचारून आखलेली नव्हती.

आपल्या वस्त्या काय मागतात

भारतीय शहरांत गरीब वस्त्यांमधील झाडांचा अभ्यास थोडा झाला आहे. बंगळूरच्या झोपडपट्ट्यांमध्ये हरिणी नागेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम त्यांत उल्लेखनीय आहे. तेथे झाडे इतर वस्त्यांपेक्षा विरळ आढळली. परंतु जी होती, ती विचारपूर्वक राखलेली होती. शेवग्यासारखी भाजीस उपयोगी, औषधी अथवा पूजेची झाडे त्यांत प्रामुख्याने दिसून आली. एका झाडाच्या सावलीत मुले खेळतात, स्त्रिया धान्य निवडतात, फेरीवाला आपला माल मांडतो आणि संध्याकाळी बैठकही भरते. ज्या वस्तीत घर दहा बाय दहाचे असते, तिथे झाडाखालची जागा ही घराचीच वाढीव खोली असते.

या वस्त्यांमधील लोकांच्या शंकाही समजून घेतल्या पाहिजेत. झाड वाढले की छपराचा पत्रा फुटेल काय? मुळे भिंतीखाली जातील काय? उद्या घर वाढवावयाचे झाल्यास झाड तोडण्याची परवानगी मिळेल काय? पाणीच एक दिवसाआड येते, ते माणसांना पुरेना, तर झाडाला कोठून घालावयाचे? ज्या जागेवर आपले नाव नाही, तेथे लावलेले झाड आपले राहील काय? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हेत. यांची उत्तरे न देता रोपे वाटणे म्हणजे डेट्रॉइटचीच पुनरावृत्ती करणे होय.

कायद्यात काय आहे

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा या विषयावरील मूळ कायदा आहे. बहुतेकांना तो झाड तोडण्यास परवानगी लागते एवढ्यापुरता माहीत असतो. वस्तुतः त्याची व्याप्ती अधिक आहे. या कायद्याने प्रत्येक नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरणाची तरतूद केली आहे. सर्व जमिनींवरील झाडांचे जतन करणे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालविणे, रस्ते, उद्याने व नदीकाठ येथे झाडे लावून ती जोपासणे ही प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. त्यांतच आणखी एक महत्त्वाचे कर्तव्य आहे : प्रत्येक वस्तीत व प्रत्येक प्रकारच्या जागेत किती आणि कोणत्या जातीची झाडे असावीत, याचे प्रमाण ठरविणे. म्हणजेच वस्तीनिहाय प्रमाणाची कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. ती या राज्याच्या कायद्यातच आहे.

२०२१ साली या कायद्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष मानण्यात आले. झाड तोडावयाचे झाल्यास त्याच्या वयाच्या वर्षांइतकी नवी झाडे लावावयाची, असा दंडक घालण्यात आला. चाळीस वर्षांचे झाड गेले, तर चाळीस नवी झाडे. यामुळे जुन्या झाडाचे मोल प्रथमच आकड्यात मांडले गेले.

घटनात्मक आधारही स्पष्ट आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण, उद्याने, झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. हे विषय एकाच सूचीत आहेत. वेगवेगळ्या खात्यांत विभागले गेल्यामुळे त्यांचा एकत्र विचार होत नाही, एवढेच.

नाशिकचा अनुभव : सहभागाचे बळ आणि त्याच्या मर्यादा

नाशिककरांनी झाडांसाठी एकत्र येण्याची उदाहरणे अलीकडे अनेक घडली आहेत. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या जागतिक पर्यावरण दिनी, ५ जून रोजी, आपलं पर्यावरण या संस्थेच्या पुढाकाराने व वन विभागाच्या सहकार्याने हजारो नागरिकांनी देशी जातींची दहा हजारांहून अधिक रोपे लावली. तेथे ‘नाशिक देवराई’ उभी राहिली. एका दिवसाच्या उत्साहावर हे काम थांबले नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. उन्हाळ्यात पाणी घालणे, वाळलेले गवत काढणे, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा आखणे ही कष्टाची कामे स्वयंसेवकांनी पुढेही केली. रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे. झाड करणे हे अनेक उन्हाळ्यांचे काम आहे, हे या डोंगराने दाखवून दिले.

२०२२ साली उंटवाडी येथील एका उड्डाणपुलाच्या कामात सुमारे दोनशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष जाण्याची वेळ आली. नागरिकांनी त्यास विरोध केला. तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी त्याची दखल घेतली व झाड वाचविण्यासाठी आराखड्यात बदल करण्याचे ठरले. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील दीड हजारांहून अधिक झाडांबाबत महानगरपालिकेने सूचना प्रसिद्ध केली, तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदविल्या. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि डिसेंबरात वृक्षतोडीस अंतरिम मनाई झाली. एका बाजूस कोट्यवधी भाविकांच्या सोयीचा प्रश्न, दुसऱ्या बाजूस शहराच्या जुन्या हिरव्या पट्ट्याचा. दोन्ही बाजूंना वजन आहे. परंतु एक गोष्ट या प्रसंगी सर्वांच्या लक्षात आली. एका ठिकाणच्या झाडाची भरपाई दुसऱ्या ठिकाणच्या रोपाने आकड्यांत होते. सावलीत होत नाही. तपोवनात जाणाऱ्यास दहा मैलांवरच्या रोपाची सावली मिळत नाही.

या उदाहरणांचा अभिमान बाळगतानाच एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. डोंगरावरील देवराई, नदीकाठचे वन, मुख्य रस्त्यावरील वड यांसाठी लोक एकत्र येतात. गंजमाळ, फुलेनगर किंवा वडाळा यांसारख्या दाट वस्तीतील एका गल्लीच्या टोकाला एक कडुनिंब लावण्यासाठी असे किती जण एकत्र येतात? ज्यांच्याजवळ वेळ, माहिती व अर्ज लिहिण्याचा सराव आहे, त्यांचाच आवाज वृक्षविषयक कामांत अधिक पोहोचतो. लोकसहभाग हा शब्द उच्चारला, की त्यात सर्व लोक आले, असे गृहीत धरता येत नाही.

वाटपाची आपली परंपरा

समन्यायी वाटप ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक व धुळे जिल्ह्यांतील मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याचे पाणी कोणाला, केव्हा व किती द्यावयाचे, हे गावकरीच ठरवीत. पाटकरी ते पोहोचवी आणि टंचाईच्या वर्षी तूट सर्वांत वाटली जाई. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीची उभारणी केली. जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात पाणी, आणि भूमिहीनासही पाण्याचा हक्क, ही तिची तत्त्वे होती. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० नंतर पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या व शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्याचे व्यवस्थापन स्वतःकडे घेतले.

जंगलाच्या बाबतीतही हेच दिसते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० च्या दशकाच्या आरंभी चारशे हेक्टरांहून अधिक उजाड वनाची राखण स्वतः नियम करून सुरू केली. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तेथे नियम गावाने केले, दंड गावाने ठरविला आणि पाळतही गावानेच ठेवली.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत : हिश्शाचा हिशेब उघड असतो, नियम वापरणारेच करतात आणि राखणदारीचे काम कोणाकडे आहे, हे सर्वांना माहीत असते. शहरातील सावलीलाही हीच तीन तत्त्वे लागू करता येतील.

वस्तीतील कामाचा क्रम

पहिले पाऊल मोजणीचे. वृक्षगणनेचे आकडे संपूर्ण शहरासाठी न मांडता प्रभागनिहाय व वस्तीनिहाय मांडावेत. नाशिकमध्ये पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर व नाशिक रोड असे सहा विभाग आहेत. प्रत्येक विभागाने आपल्या सर्वांत कमी सावलीच्या पाच वस्त्या जाहीर केल्या, तरी पुढच्या पावसाळ्यातील रोपे प्रथम कोठे जावीत, याचा वाद उरणार नाही. या मोजणीत शाळांचा मोठा उपयोग होऊ शकतो. राष्ट्रीय हरित सेनेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेभोवतालच्या गल्ल्यांचा साधा नकाशा काढावा, दुपारी बारा ते तीन या वेळात सावली कोठे पडते, हे त्यावर दाखवावे. बसथांबा, पाण्याचा नळ, अंगणवाडी, दवाखान्याचे दार, मजूर अड्डा, भाजीबाजार, अशा ज्या ज्या ठिकाणी माणसांना उन्हात थांबावे लागते, त्या ठिकाणांची वेगळी नोंद करावी. झाडाची गरज तेथे सर्वांत अधिक असते.

दुसरे पाऊल विचारण्याचे. वस्तीची बैठक स्त्रियांना सोयीच्या वेळी घ्यावी. कोणते झाड हवे, कोठे हवे, कोठे नको, हे त्यांनी सांगावे व ते लिहून घ्यावे. नको म्हणणाऱ्याचे कारणही लिहून घ्यावे. फांद्यांची छाटणी कोण करील, धोकादायक झाडाबाबत अर्ज कोठे करावयाचा, हे अधिकाऱ्यांनी त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. शंका फिटल्याशिवाय खड्डा खणू नये.

तिसरे पाऊल जागा व जात निवडण्याचे. रुंद रस्ता, शाळेचे पटांगण, मंदिर–मशीद–विहाराचे आवार येथे वड, पिंपळ, कडुनिंब, शिरीष, करंज यांसारखी मोठी झाडे शोभतात व टिकतात. अरुंद गल्लीत बकुळ, कांचन, बहावा, ताम्हण अशी मध्यम आकाराची झाडे बरी. दोन घरांमधील बोळात शेवगा, कढीलिंब, पारिजातक हे चालतात. नाल्याच्या व नदीच्या काठी उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज यांची मुळे माती धरून ठेवतात. लवकर वाढते एवढ्याच कारणाने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावण्याची चूक पूर्वी पुष्कळ ठिकाणी झाली. ती पुन्हा होऊ नये. विजेच्या तारा व जलवाहिन्या कोठून जातात, हे आधी पाहावे. अन्यथा दहा वर्षांनी झाडावर कुऱ्हाड येणे अटळ असते.

चौथे पाऊल जुने झाड वाचविण्याचे. पुष्कळदा पदपथ करताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. पाणी व हवा मुळांपर्यंत न पोहोचल्याने झाड हळूहळू वठते व एखाद्या वादळात कोसळते. दिल्लीच्या संदर्भात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. हा दंडक कोणत्याही शहरास सहज पाळता येण्यासारखा आहे. बुंध्यातील खिळे व फलक काढणे, आळे करणे, ही कामे तर एका रविवारी होतात. ज्या वस्तीत दोनच मोठी झाडे आहेत, तेथे त्यांपैकी एक वाचविणे हे शंभर रोपे लावण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पाचवे पाऊल राखणदारीचे. पहिले तीन उन्हाळे रोपाच्या दृष्टीने निर्णायक असतात. प्रत्येक रोपाची जबाबदारी एका घराकडे किंवा गटाकडे नावानिशी असावी. परंतु जबाबदारी द्यावयाची तर साधनही दिले पाहिजे. ज्या वस्तीत पाण्याची टंचाई आहे, तेथे एप्रिल–मे महिन्यांत महानगरपालिकेचा टँकर रोपांसाठी यावा. बचत गटाकडे राखणीचे काम मोबदल्यासह सोपविता येईल. लोकसहभाग म्हणजे गरीब वस्तीकडून फुकट श्रम घेणे, असा अर्थ होता कामा नये. श्रीमंत वसाहतीतील बाग पगारी माळी सांभाळतो. मग वस्तीतील झाड सांभाळणाऱ्या बाईला धन्यवादावरच का भागवावे?

सहावे व शेवटचे पाऊल हिशेब देण्याचे. किती रोपे लावली, हा आकडा जुलै महिन्याचा असतो. किती जगली, हा आकडा पुढच्या जून महिन्यात घ्यावयास हवा. राज्यात १९५० पासून वनमहोत्सव साजरा होत आला आहे. २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे क्रमाने ठेवण्यात आली. २०२० पासून माझी वसुंधरा अभियान सुरू झाले. या मोहिमांमुळे झाड लावण्याची सवय लागली, हे मोठेच काम झाले. आता जगलेल्या झाडांचा, आणि तेही वस्तीनिहाय, हिशेब शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या फलकावर लागला, तर ही सवय पुढच्या टप्प्यावर जाईल.

पंचायतींसाठी

हा विषय केवळ शहराचा आहे, असे समजून ग्रामपंचायत सदस्यांनी तो बाजूस सारू नये. आज जे गाव शहराच्या वेशीवर आहे, ते उद्या शहरात येते. नाशिकमध्ये १९८२ साली हेच झाले. गावात असताना पाराची, गायरानाची व ओढ्याकाठची झाडे नोंदवून ठेवली, तर शहर वाढताना आराखड्यात त्यांची जागा राखता येते. नोंद नसली, की प्रथम झाड जाते व मग जागा जाते. ग्रामीण भागात झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. रोपे व मार्गदर्शन यांसाठी १९८२ साली स्थापन झालेला सामाजिक वनीकरण विभाग आहे. ग्रामसभेने आपल्या हद्दीतील जुन्या झाडांची यादी करून ठरावाने ती नोंदवावी. त्यात मागासवर्गीय वस्ती, पाडे व नव्याने झालेली घरकुले येथील झाडांचा स्वतंत्र उल्लेख असावा. गावठाणात पार आणि वस्तीत उघडा माळ, हे अंतर खेड्यातही असते.

सावली ही विकत घेऊन लगेच बसविण्याची वस्तू नाही. आज लावलेल्या कडुनिंबाखाली बसण्यास आठ–दहा वर्षे वाट पाहावी लागते, आणि वडाखाली बसावयाचे तर एक पिढी. म्हणून कोणत्या वस्तीत आज रोप लागते, यावर दहा वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात कोणाचे मूल सावलीत खेळेल आणि कोणाचे उन्हात, हे ठरते. हा निर्णय आज अधिकाऱ्यांच्या टेबलावर, शिक्षकांच्या वर्गात आणि पंचायतीच्या सभेत होत असतो. तो घेताना सर्वांत कमी सावली असलेल्या वस्तीचे नाव यादीत सर्वांत वर असावे.